जुन्या नेटबुकवर अँटिएक्स २३

२००८ साली बाजारात आलेला इंटेलचा अ‍ॅटम एन२७० हा ३२ बिटांचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम असलेल्या माझ्या नेटबुकवर अँटिएक्स २३ ही लिनक्सची आवृत्ती टाकून आता काही महिने झाले. डेबियन १२ या लिनक्सच्याच आवृत्तीवर आधारलेली ही प्रणाली सिस्टमडी (यंत्र सुरू करून पार्श्वभूमीच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) वापरत नाही आणि ग्नोम किंवा केडीई यांच्यासारखा अवजड डेस्कटॉप न लादता आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्राम, देते. त्यामुळे यंत्र सुरू झाल्यावर रॅमचा जेमतेम पाचवा हिस्सा खर्ची पडतो.

मजकूर लिहिणे, पीडीएफ वाचणे, टर्मिनलवरची (आज्ञा टंकून करायची) कामे यांत कुठेही अडखळायला होत नाही. मराठीसाठी देवनागरी फाँट वेगळे बसवावे लागले. मात्र इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकाचा आराखडा एक्सच्या (लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या) कळफलक-व्यवस्थेतच असल्याने टंकलेखनासाठी आणखी एखादा प्रोग्राम पार्श्वभूमीला चालवावा लागत नाही. एवढ्याशा रॅमवर ही बचत लहान नाही.

अडचण ब्राउझरची आहे. फायरफॉक्समध्ये बातम्यांची दोन-तीन पाने उघडली की रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणे) सुरू होतो आणि माउसचा बाणसुद्धा थबकतो. याचा दोष अँटिएक्सला देता येणार नाही, कारण आजची संकेतस्थळेच तेवढी जड झाली आहेत. १०२४ × ६०० च्या पडद्यावर काही खिडक्यांची खालची बटणे दिसत नाहीत, तेव्हा ऑल्ट कळ दाबून खिडकी माउसने वर सरकवावी लागते.

मला सर्वाधिक उपयोगी पडली ती एक्सची जुनी सोय. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या या व्यवस्थेत प्रोग्राम एका यंत्रावर आणि त्याची खिडकी दुसऱ्यावर असू शकते, आणि ज्याच्यापुढे आपण बसतो त्या यंत्रावर चालतो तो ‘सर्व्हर’, हे उलटे वाटणारे नामकरण अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. घरातल्या दणकट संगणकावर एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या सोयीने) जाऊन आलेखांचा प्रोग्राम चालवला, तर आकडेमोड तिकडे होते आणि नेटबुकला केवळ चित्र काढावे लागते. ब्राउझर मात्र असा चालवून पाहू नये. पानाच्या प्रत्येक हालचालीसरशी चित्रांचे ढीग वायफायवरून येऊ लागतात आणि तो स्थानिक फायरफॉक्सपेक्षाही संथ होतो.

नेटबुक भंगारात देण्याचा विचार मी सोडला आहे, पण बँकेची कामे आणि व्हिडिओ यांसाठी दुसरे यंत्र हाताशी नसेल, तर या वाटेला जाऊ नये.