सायप्रसच्या राजघराण्याचा भिंततक्ता: घ्या, पण पेन जवळ ठेवा

तालुक्याच्या बसस्टँडजवळ शालेय साहित्याच्या दुकानांत जगाच्या इतिहासाचे तक्ते टांगलेले असतात. त्यांत भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर राज्य केलेल्या लुसिन्यान या फ्रेंच घराण्याचाही एक आहे, 1192 ते 1489. तीन फूट बाय दोन फूट, वरखाली टिनाची पट्टी. साधा कागद 90 रुपये, लॅमिनेशनचा 160. गावच्या अभ्यासिकेसाठी साधाच घ्या. यात दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि लॅमिनेशनवर ना खळ चिकटते ना शाई धरते.

पहिल्याच चौकटीत घोळ आहे. गीच्या डोक्यावर मुकुट काढलाय. गी हा जेरुसलेमचा गादी गमावलेला राजा. सायप्रसचा तो फक्त धनी होता, राजा कधीच झाला नाही, आणि 1194 मध्ये वारला. मुकुट मिळाला भाऊ एमरीला, 1197 साली, पवित्र रोमन सम्राटाच्या चॅन्सेलरच्या हातून. त्यामुळे इथली राजवट सम्राटाची मांडलिक म्हणूनच सुरू झाली. ते ओझे 1247 मध्ये पोपने उतरवले. तक्त्यात यातले काही नाही.

बेट गीच्या हाती कसे आले तेही अर्धेच छापलेय. इंग्लंडच्या रिचर्डने 1191 मध्ये ते जिंकले आणि आधी टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाला विकले, एक लाख बेझंट म्हणजे सोन्याच्या नाण्यांना. त्यांनी 40,000 इसार दिला, पण 1192 मध्ये निकोसिया या मुख्य शहरात लोक उठले आणि टेम्पलरांनी बेट परत केले. मग गी आला. तक्त्यात थेट रिचर्ड ते गी असा बाण आहे, म्हणजे मधले खरेदीखतच गायब.

सगळ्यात मोठी चूक मात्र बरोबर घडीवर आहे. कागदाची घडी नेमकी 1267 वर पडते, रंग तिथेच उडतो, आणि वंश तुटला तोही तिथेच. दुसरा ह्यू पोरवयात निपुत्रिक वारला. पुढचा तिसरा ह्यू त्याचा मुलगा नव्हे, धाकट्या आत्याचा मुलगा. बापाकडून तो अँटिऑकच्या घराण्याचा. लुसिन्यान हे नाव आईकडून घेतलेले. थोरल्या आत्यालाही मुलगा होता, ब्रिएनचा ह्यू, आणि जेरुसलेमच्या कारभारीपदावरून 1264 मध्ये दोघांत दरबारी वाद झाला. थोरल्या आत्याचा मुलगा की स्वतः वयाने थोरला, असा तो मुद्दा. वयाने थोरला जिंकला. आपल्याकडे वाटणीच्या दाव्यात असा नमुना नवा नाही. छापणाऱ्याने मात्र बापलेकाची सरळ रेघ मारून मोकळे केलेय. ती खोडा, तुटक रेघ काढा आणि बाजूला 'आत्येभाऊ' लिहा.

राज्याभिषेकाचे चित्र सुरेख आहे, पण एकच आहे. 1291 मध्ये जेरुसलेमच्या राज्याचे शेवटचे मोठे ठाणे अक्रे पडल्यावर हे राजे दोनदा अभिषेक करून घेत: निकोसियाच्या सेंट सोफियात सायप्रसचे म्हणून, फामागुस्ताच्या सेंट निकोलसमध्ये जेरुसलेमचे म्हणून. दुसऱ्या पीटरच्या वेळी, 1372 मध्ये, राजाच्या घोड्याचा उजव्या बाजूचा लगाम कोणी धरायचा यावरून जिनोआ आणि व्हेनिस या इटलीतल्या व्यापारी शहरांचे लोक भिडले. पोळ्यात तोरणाखाली मानाची जोडी कोणाची यावरून गावात दोन तट पडतात, अगदी तसेच. फरक एवढाच की इथे पुढच्या वर्षी जिनोआचे आरमार आले आणि फामागुस्ता बंदर 1464 पर्यंत गेले. तक्त्यात त्या वर्षापुढे नुसते 'युद्ध' आहे.

जानुस राजाच्या चौकटीत 1426 जरूर लिहा. त्या साली खिरोकितियाच्या लढाईत इजिप्तच्या मामलुक राज्यकर्त्यांच्या फौजेने त्याला पकडून कैरोला नेले आणि नंतर खंडणी लावली. खाली शार्लोट आणि दुसरा जेम्स सख्खी भावंडे दाखवलीत. जेम्स हा आधीच्या राजाचा अनौरस मुलगा; त्याने बहिणीलाच गादीवरून हटवले. कातेरिना कोर्नारो या राणीची शेवटची चौकट तेवढी बिनचूक आहे: 1489, बेट व्हेनिसला.

नाण्याचे चित्र चांगले उमटलेय. एका बाजूला सिंहासनावर बसलेला राजा, दुसरीकडे जेरुसलेमचा मोठा क्रूस आणि कोपऱ्यांत चार छोटे. पण आकार जेवणाच्या ताटाएवढा! खरे नाणे आपल्या जुन्या रुपयाएवढेच असे. तसे लिहून ठेवा, नाहीतर पोरे ताटच समजतील.

दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मैद्याच्या खळीने लावा, वाटीभर खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे उदई लागत नाही. फक्त मोरचूद विषारी, पोरांच्या हाती खळ देऊ नका. स्टिकर टाळा. नवतप्यात टिनाच्या छताखाली त्याचा गोंद पातळ होतो आणि चिठ्ठी घसरून भलत्याच राजावर जाते. तक्ता भिंतीला चिकटवू नका, मृगात ओल धरते. दोन खिळ्यांवर बोटभर अंतर सोडून टांगा. घडी घातलेला माल दाखवला तर गुंडाळलेला मागा. बहुतेक दुकानांत आत असतो.