गोडाचं पथ्य मोडलंय: एकदम बंद करावं, चमचा-चमचा उतरावं की गुळावर जावं?

गणपतीत मोदक, दसऱ्याला श्रीखंड, दिवाळीत करंज्या आणि बेसनाचे लाडू. पावसाळ्यात नीट सांभाळलेलं बिनसाखरेचं पथ्य या दिवसांत मोडतं आणि मग ठरतं, "आता सोमवारपासून." पण तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या पत्रिका यायला लागतात. पुढे संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड आणि पाठोपाठ आंबे. आपल्या पंचांगात गोडाविना रिकामा महिना सापडत नाही. म्हणून सुरुवात पुढच्या जेवणापासून करायची, एवढं आधी पक्कं करा. कोणत्या रस्त्यानं परतायचं, ते मात्र ज्याच्या-त्याच्या खाण्यावर ठरतं.

आधी औषधांचं

मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोड आणि भात एकदम तोडू नका. सणात वाढलेली साखर पाहून कधी डोस वाढवलेला असतो. खाणं अचानक कमी झालं की तोच डोस जास्त होतो आणि रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात थरथरले, दरदरून घाम आला, छाती धडधडली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखर चालणार नाही, ग्लुकोजच हवं, कारण या गोळ्या साखरेचं पचन लांबवतात. त्या वेळी घेतलेलं गोड हे औषध आहे, पथ्य मोडणं नव्हे. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो.

एका लाडवानं किती बिघडतं?

लाडवापेक्षा लाडवानंतरचा विचार जास्त नुकसान करतो. १९७५ मध्ये अमेरिकेत पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. खाण्यावर कडक ताबा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला सांगितलं. पथ्य न पाळणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ताबा ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. "मोडलंच आहे, तर आजचा दिवस खाऊन घेऊ" हे आपण दिवाळीच्या पाडव्याला म्हणतो, त्याचंच हे रूप.

दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात ते पाहिलं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५० च्या वर लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात मोठा फरक पडला नाही. म्हणजे आधीचे महिने वाया गेलेले नाहीत. पहिल्यापासून मोजणी सुरू करायची गरज नाही.

एकदम बंद

मिठाई, बिस्किटं, कोल्ड्रिंक, आइस्क्रीम यांच्यासाठी मला हाच रस्ता योग्य वाटतो. पहिला घास घेतला की थांबता येत नाही, असं ज्यांचं होतं त्यांनी तर दुसरा विचारच करू नये. नियम एका ओळीत मावतो, म्हणून प्रत्येक ताटासमोर नव्यानं निर्णय घ्यावा लागत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत अनेकांना जमली ती याच कारणानं. मधल्या वेळेत काय खायचं, हा प्रश्नच उरत नाही.

त्यासाठी घरातले फराळाचे डबे मात्र रिकामे व्हायला हवेत. उरलेलं वाटून टाका. "मुलांसाठी ठेवलंय" म्हणून ठेवलेला डबा रात्री अकरा वाजता मोठ्यांनाच हाक मारतो.

या रस्त्यावर एक गफलत हमखास होते. साखरेबरोबर चहासुद्धा बंद केला जातो, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं आणि साखर सोडल्यामुळे हे झालं अशी समजूत होते. रोज तीन-चार कप पिणाऱ्याचा चहा अचानक तुटला तर कॅफिन तुटल्यामुळेच डोकं दुखतं आणि ते आठवडाभरही चालू शकतं. चहा चालू ठेवा, त्यातली साखर तेवढी काढा.

चमचा-चमचा कमी

चहाची साखर काढायला मात्र मी हळूहळूचा रस्ता धरेन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. २,००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा धरला तरी ४ ग्रॅम साखर असते. दोन चमच्यांचे चार कप झाले की ३२ ग्रॅम, आणि अजून काही गोड खाल्लेलंच नाही. याउलट चौघांच्या आमटीत सुपारीएवढा, साधारण १० ग्रॅम गूळ पडला तर प्रत्येकाच्या वाटीत अडीच ग्रॅम येतो. पोह्यांतली आणि कोशिंबिरीतली चिमूट त्याहून कमी. म्हणून पहिल्याच आठवड्यात आमटी-कोशिंबिरीवरून घरात वाद घालू नका. आधी चहा सुधारा.

अडचण अशी, की आपल्याकडे साखर आधणातच पडते आणि सगळ्यांचा चहा एकाच भांड्यात होतो. तेव्हा चहा बिनसाखरेचा उकळायचा आणि ज्यानं-त्यानं कपात साखर घालून घ्यायची. मग आपला चमचा आपल्याला मोजता येतो. दोनाचे दीड, दीडाचा एक, एकाचा अर्धा, असा दर आठ-दहा दिवसांनी एक टप्पा उतरायचा. आलं, वेलची, गवती चहा यांनी चव भरते आणि दुधाला स्वतःची गोडी असतेच. टपरीवर मात्र साखर आधीच पडलेली असते आणि ऑफिसच्या मशीनमधल्या तयार मिश्रणातही बहुतेक वेळा असतेच. तिथे कोरा चहा किंवा कॉफी मागा, नाहीतर पाणी प्या.

जीभ बदलते, यालाही आधार आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत काही लोकांनी साखरेच्या कॅलरी ४० टक्क्यांनी कमी करून तीन महिने काढले. २०१६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दुसऱ्या महिन्यापासून त्यांना कमी गोडाचं पुडिंगही आधीपेक्षा गोड लागायला लागलं. गोडाची आवड मात्र कमी झाली नाही. मला ही माहिती फार कामाची वाटते. साखर सुटली तरी श्रीखंड आवडतच राहणार, म्हणून आवड मरण्याची वाट पाहत बसू नये.

या रस्त्याची कमकुवत बाजू म्हणजे अर्ध्या चमच्यावर अडकून राहणं, आणि पाहुणे आले की पुन्हा दोनावर जाणं. शिवाय मिठाईला तो लागू पडत नाही. "आज तीन, उद्या दोन काजूकतल्या" हे कागदावरच राहतं.

गूळ, मध, खजूर

घसरल्यानंतर सर्वात जास्त लोक इकडे वळतात आणि फसतात. कोल्हापूरचा गूळ चवीला उत्तम आहे. पण वजन उतरवायला किंवा रक्तातली साखर आटोक्यात आणायला साखरेऐवजी गूळ हा उपाय नाही. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तर तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. गुळाचा बहुतेक भाग साखरेचाच असतो आणि रक्तातली साखर तो जवळपास तशीच वाढवतो. लोह असतं, हे खरं, पण अंगी लागेल एवढं लोह गुळातून मिळवायचं तर गूळ फार खावा लागेल. आहळीव, पालेभाज्या, कडधान्यं त्यासाठी आहेत. मधातही सुमारे ८० टक्के साखरच असते.

शिवाय गुळाला "चालतं" अशी मान्यता मिळाली की हात सैल होतो. साखरेचा एक चमचा मोजणारी व्यक्ती गुळाचा खडा मोजत नाही. खजुराच्या लाडवांचंही तेच. अख्खा खजूर फळच आहे, त्यात तंतू आहेत, जेवणानंतर एखादा खाल्ला तर हरकत नाही. पण त्याच्या निम्म्याहून जास्त भाग साखर आहे, आणि "बिनसाखरेचे" म्हणून तीन लाडू गेले तर मूळ हेतू बाजूलाच पडला.

गोडव्याच्या गोळ्या

मधुमेह असेल आणि चहा गोडच हवा असेल, तर सुक्रालोज किंवा स्टीव्हिया साखरेपेक्षा बरं. उकळत्या चहात अ‍ॅस्पार्टेम घालू नये, उष्णतेनं त्याची गोडी कमी होते. वजन कमी करण्यासाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये असे पर्याय वापरू नयेत असं सुचवलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही. मी याकडे काही आठवड्यांची कुबडी म्हणून पाहते. "शुगर फ्री" बिस्किटांचा पुडा मात्र उलटून वाचाच. बहुतेकांत मैदा असतो, काहींत माल्टोडेक्स्ट्रिन हे साखर झटकन वाढवणारं पिष्ट, आणि माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे गोडवा आणणारे पदार्थ जास्त झाले तर पोट बिघडतं.

ठरवून घेतलेली सूट

नात्यागोत्यात वावरणाऱ्या माणसाला दीर्घकाळ हाच रस्ता झेपतो. अट एवढीच, की सूट पंगतीत बसण्याआधी ठरलेली असावी. गोड फक्त जेवणाबरोबर आणि एकदाच वाढून घेतलेलं. पुरणपोळी असेल तर साधी पोळी आणि भात नाही. आधी कोशिंबीर, उसळ, भाजी खाऊन मग गोडाकडे वळायचं आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालायचं, त्यानं रक्तातल्या साखरेची उसळी कमी होते. आग्रह करणाऱ्या आत्याला "नको" म्हणण्यापेक्षा "आत्या, एवढंच वाढ, चवीनं खाते" म्हटलेलं जास्त चालतं. पण घसरल्यावर लगेच हा रस्ता धरू नये. आधी महिनाभर बंद, मग सूट.

आदल्या दिवशी गोड झालं म्हणून दुसऱ्या दिवशी कडकडीत उपवास करणं तर टाळाच. भुकेला माणूस चार वाजता चहा-बिस्किटांवर तुटून पडतो. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस असं खाल्लं तर पिष्ट आणि साखर दोन्ही पोटात जातात. त्यापेक्षा सकाळी मुगाचं धिरडं, अंडी किंवा मटकीची उसळ खा, आणि चार वाजता मूठभर फुटाणे-शेंगदाणे.

कुणी मला विचारलं तर मी असं सांगेन: मिठाई आणि पुडे आजपासून बंद, चहा टप्प्याटप्प्यानं, गूळ आमटीपुरता, आणि सूट पुढच्या महिन्यापासून. गोड फक्त चहातच असेल तर नुसता चमच्याचा रस्ता पुरे. घरात रोज मिठाई येत असेल, दुकान मिठाईचं असेल किंवा नोकरीत बैठका-पार्ट्या असतील, तर घराबाहेरचं गोड पूर्ण बंद आणि घरी केलेलं तेवढं सणाला, ही वाटणी जास्त टिकते.

रक्त तपासायचं असेल तर एचबीए१सी पंधरा दिवसांत करून हिरमुसू नका. त्या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो, म्हणजे दिवाळीही त्यात येणार. घरी ग्लुकोमीटर असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेले आकडे वहीत लिहा. त्यांत फरक लवकर दिसतो. एचबीए१सी तीन महिन्यांनी करा.