प्रोजेस्टेरॉनची ७२ इंजेक्शनं आणि एक हीटिंग पॅड : चार महिन्यांनंतरचा अनुभव

काल रात्री पॅड बंद पडला. लाल दिवा लागतो पण पॅड तापत नाही. वायर जिथे पॅडमध्ये शिरते तो सांधा बोटाने दाबला तर जरा ऊब येते, सोडला की परत थंड, आणि असं विजेचं काहीतरी दाबून धरत झोपायचं धाडस मी करणार नाही. इंजेक्शन घेऊन पालथी पडले होते, डावी बाजू ठणकत होती आणि हातात हे मेलेलं यंत्र. म्हणून लिहायला बसले.

ज्यांना फ्रोझन ट्रान्सफरसाठी, म्हणजे आयव्हीएफमधला गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडण्यासाठी, तेलातलं प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं हार्मोन) चालू आहे त्यांना दुखणं काय असतं ते समजावून सांगायला नको. कमरेत इंजेक्शन म्हणतात, असतं कुल्ल्यावर, रोज एक, बाजू बदलून. पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या पहिल्या फेरीत, १६ घेतली, रिझल्ट निगेटिव्ह आला. आता दुसऱ्या सायकलमधलं काल ३९वं झालं. सुई टोचताना फार नाही दुखत, खरा ठणका दुसऱ्या दिवशी, खुर्चीत बसताना आणि जिना चढताना. तेल घट्ट असतं, स्नायूत हळूहळू पसरतं, आणि जिथे साचून राहतं तिथे गाठ होते.

पॅडचं चांगलं आधी सांगते. तापमान एकसारखं राहतं, कापड मऊ आहे, कव्हर धुता येतं. डॉक्टरांनी फक्त इंजेक्शनच्या जागी, मध्यम गरम, १० ते १५ मिनिटं शेकायला सांगितलंय, पोटाजवळ अजिबात नाही. तेवढ्यापुरता तो छान होता.

पण ती वायर! पॅडवर वजन टाकून झोपायचं नाही असं माहितीपत्रकात लिहिलंय, बरोबर आहे, म्हणून मी पालथी झोपून पॅड वर ठेवते. तसं ठेवलं की जड कंट्रोलर पलंगाखाली लोंबकळतो आणि त्याचा सगळा ओढा त्या एका सांध्यावर येतो. तिथे रबराची साधी बाही नाही, वायर सरळ कापडात शिरते. कमरेसाठी म्हणून विकायचा आणि वायर बाजूच्या मधोमध काढायची, ज्याने हे डिझाइन केलं त्याने एकदा तरी पालथं झोपून बघितलं असेल का? कंपनीला फोटो पाठवला तर उत्तर आलं, वायर दुमडल्यामुळे वॉरंटी लागू नाही. मी परत लिहिलं की दुमडली नाही, ओढली गेली, आणि तीही तुमच्याच कंट्रोलरच्या वजनाने. एक वर्षाची वॉरंटी आहे, चार महिनेसुद्धा झाले नाहीत. पैसा मी जपून वापरते, या उपचारात तर एकेक गोष्ट मोजून घेतलीये, त्यामुळे हे फार लागलं. इथपर्यंतचं मत : घेऊ नका.

वरचं लिहून तसंच ठेवलं होतं, पुढचं आज लिहितेय. इंजेक्शनं संपून पाच आठवडे झाले. डॉक्टरांनी दहाव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवली, म्हणजे दुसऱ्या सायकलमध्ये ५६ झाली. आणि माझं मत थोडं बदललंय.

पॅड गेल्यावर पहिले काही दिवस नवीन काहीच आणलं नाही, रागच होता. नुसता टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळून ठेवायचे. मला वाटलं ठणका दुप्पट होणार, तर तसं झालं नाही. मग मागचं आठवलं. पॅड चालू असताना एकदा रोज इंजेक्शन देणारा नवरा बाहेरगावी गेला होता आणि सिस्टरकडून घेतलं, थंड बाटलीतून भरून त्यांनी भर्रकन दिलं, त्याचं मला तीन दिवस दुखत होतं, रोज शेकूनसुद्धा. म्हणजे मी सगळं श्रेय पॅडला देत होते आणि निम्म्याहून जास्त काम आधीच, इंजेक्शन देण्याच्या पद्धतीतच, होत होतं.

ते काय ते सांगते कारण हे मला सुरुवातीलाच कोणीतरी सांगायला हवं होतं. भरलेली सिरिंज टोपण लावून पाचेक मिनिटं काखेत धरायची, तेल पातळ होतं आणि सहज जातं. उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. भरायची जाड सुई वेगळी आणि टोचायची वेगळी, पहिल्या आठवड्यात मी सुया वाचवायला दोन्हींसाठी एकच वापरत होते, बाटलीच्या रबरातून गेल्यावर टोक बोथट होतं, तसली काटकसर करू नका. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, म्हणून मी हट्टाने २५ नंबरची मागितली, पण बारीक सुईतून तेल ढकलायला इतका जोर लागायचा की नवऱ्याचा हात हलायचा आणि आत सुईसुद्धा, शेवटी डॉक्टरांना विचारून २२वर आलो. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर चरचरतं. ज्या बाजूला घ्यायचं त्या पायावर भार नको, बोटं आतल्या बाजूला वळवायची, स्नायू सैल पडतो. जागा वरची बाहेरची, आतल्या बाजूला मोठी शीर (सायटिक नर्व्ह) असते, नर्स आखून देईल तिथेच. कातडी बाजूला ओढून धरायची, हळूहळू द्यायचं, दहा आकडे मोजून थांबायचं, मग सुई काढून कातडी सोडायची, म्हणजे तेल मागे झिरपत नाही. नवरा ३०पर्यंत मोठ्याने मोजायचा. त्याचा आवाज ऐकत उभी राहायचे, कितीतरी रात्री त्या मोजण्यावरच तग धरला. नंतर लगेच आडवं न होता दहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं, मग शेक.

एक गोष्ट मात्र शेकून बघत बसू नका. खाज सुटून लाल चट्टा उठला तर ती तेलाची अ‍ॅलर्जी असू शकते, बऱ्याच बाटल्यांमध्ये तिळाचं तेल असतं, डॉक्टर दुसऱ्या तेलातलं किंवा वेगळ्या प्रकारचं प्रोजेस्टेरॉन देऊ शकतात. जागा तापून लाली पसरली, ताप आला, किंवा पायात झिणझिण्या उतरल्या तर त्याच दिवशी फोन करा.

मग पॅड घ्यावा का? मी शेवटचे दोन आठवडे साधी रबराची पिशवी टॉवेलात गुंडाळून वापरली आणि काही अडलं नाही. घेतलाच तर आधी वायर कुठून निघते ते बघा, हे मी अजूनही सांगणार. कंपनीचं तिसरं उत्तरही तेच आलं, मी चौथं पत्र पाठवलंय, सांध्याच्या जवळून काढलेल्या फोटोसकट.

उजवीकडे एक गाठ अजून हाताला लागते, सुपारीएवढी. परवा डॉक्टरांनी दाबून बघितली, म्हणाल्या विरतेय, वेळ लागेल. मला पंधरावा आठवडा चालू आहे.