एकच दिवस हातात असेल तर: हर्णै की आंजर्ले?

दापोलीला दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाजवळ शेवटी एक मोकळा दिवस उरतो आणि तो समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावात घालवावा असे त्याच्या मनात येते. अशा वेळी हर्णै आणि आंजर्ले ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोन्ही गावांत जेमतेम सात-आठ किलोमीटरचे अंतर असून मध्ये पाजपंढरी हे गाव आणि जोग नदीची खाडी आहे. खाडीवर पूल होण्यापूर्वी आंजर्ल्याला जायचे तर तरीतून पलीकडे जावे लागे. आता गाडीने हे अंतर सहज कापता येते आणि त्यामुळेच बहुतेक जण दोन्ही गावे एकाच दिवशी उरकतात. मीही एकदा तसेच केले होते. दुपारी दोनच्या सुमारास हर्णैच्या बंदरावर पोहोचलो, तेव्हा वाळूवर जाळी विणत बसलेली दोन माणसे आणि सावलीला निजलेली कुत्री यांखेरीज काही नव्हते. कंटाळून आंजर्ल्याची वाट धरली आणि तिथे चहा पिताना कळले, की हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव तर चार वाजल्यानंतर रंगतो. तेव्हापासून कोणी विचारले, तर दोहोंपैकी एकच गाव निवडा, असे मी सांगतो.

हर्णै हे बंदराचे गाव आहे आणि तिथला दिवस बोटींच्या वेळेने चालतो. मोठ्या बोटी थेट किनाऱ्याला लागत नाहीत. त्या खोल पाण्यात नांगर टाकतात आणि मासळी लहान होड्यांतून, कधी पोटापर्यंत पाण्यात उतरलेल्या बैलगाड्यांतून काठावर येते. मग ओल्या वाळूवरच कोळंबी, बांगडे, पापलेट, सुरमई यांचे वाटे मांडले जातात. लिलाव पुकारणारा उकिडवा बसून भाव चढवत नेतो आणि भोवतीचे घेणारे फारसे बोलतही नाहीत. एखादी मान हलते, एखादे बोट उचलले जाते आणि सौदा ठरतो. नवख्या माणसाला तो कोणाशी ठरला, हे कळायच्या आत पाटी बर्फाकडे चाललेली असते. घाऊक बोलीत आपण पडू नये; कडेला बसलेल्या बायकांकडून किरकोळ मासळी घ्यावी आणि ती करून देणारे घर किंवा खानावळ आधीच ठरवून ठेवावी. पायांत भिजली तरी चालेल अशी चप्पल हवी. वासाचे ज्यांना वावडे आहे, त्यांनी मात्र हा बेत करू नये, कारण तो वास संध्याकाळी कपड्यांबरोबर मुक्कामावरही येतो.

लिलावाआधीचा वेळ सुवर्णदुर्गासाठी ठेवता येतो. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हा जलदुर्ग आहे. किनाऱ्यावरून होडी करून जावे लागते. बुरुजांच्या वळणात दडलेला दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि उंबरठ्याजवळ दगडात कोरलेले कासव पायांखाली येण्यापूर्वी पाहून घ्यावे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते. पुढे 1755 मध्ये तुळाजी आंग्र्यांशी बिनसलेल्या पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि त्यांच्या आरमाराच्या कमोडोर जेम्सने हा किल्ला जिंकला. आपल्याच आरमाराचे ठाणे आपणच परक्याच्या तोफांपुढे दिले, हा विचार त्या तटावर उभे असताना टाळता येत नाही. काठावरच्या कनकदुर्गात आता दीपगृह आहे आणि फत्तेगडावर वस्ती झाली आहे. दोन्हींना मिळून अर्धा तास पुरे.

आंजर्ल्याला असे कुठल्याही वेळेचे बंधन नाही. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळींची आगरे, त्यांतून वाहणारे पाट आणि अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या, एवढाच गावाचा पसारा आहे. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात इथल्या बागांची फार मोठी हानी झाली. पोफळ धरायला कितीतरी वर्षे लागतात, त्यामुळे एका दिवसात गेलेले उत्पन्न सहजासहजी परत येत नाही; आगराच्या मालकाशी दोन शब्द बोललात, तर विषय त्या वादळावर येतोच.

टेकडीवरच्या कड्यावरच्या गणपतीला गाडीरस्ता आहे, पण गुडघे साथ देत असतील तर गावातून पाखाडीनेच, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनेच, चढावे. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. मूळ देऊळ समुद्राकाठी होते आणि पाणी चढू लागल्यावर देवाने टेकडीवर पाऊल टाकले, अशी आख्यायिका असून वाटेवरच्या खडकात ते पाऊल दाखवतात. देवळाच्या आवारातून खाली पाहिले, की माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र आणि दूरवर सुवर्णदुर्गही दिसतो, त्यामुळे आंजर्ले निवडणाऱ्याला किल्ला अगदीच अंतरतो असे नाही. पोहण्यासाठी, मुलांना मोकळे सोडण्यासाठी आणि नुसते चालण्यासाठी आंजर्ल्याचा लांबलचक किनारा हर्णैपेक्षा कितीतरी बरा आहे.

त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. ती अंडी राखून ठेवलेल्या जागेत पुरली जातात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्ले बाहेर पडतात. घरट्यावरची टोपली सकाळी उचलली, की कधी खाली वाळूच असते, तर कधी तळहातावर मावतील एवढी काळी पिल्ले एकमेकांवर चढत असतात. त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात. पिल्ले अमुक दिवशी निघतीलच, असे वचन कोणी देत नाही, म्हणून केवळ त्यासाठी जाणाऱ्याने मुक्काम आंजर्ल्यातच करावा.

जेवणाच्या बाबतीत हर्णैत ऐनवेळीही मासळीचे ताट मिळून जाते. आंजर्ल्यात घरगुती जेवणासाठी आदल्या दिवशीच सांगून ठेवावे लागते, पण आधी सांगितले तर उकडीचे मोदकही मिळतात आणि शाकाहारी माणसाची तिथे अधिक चांगली सोय होते. एसटीने जाणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. आंजर्ल्यात तर नक्कीच.

भरती-ओहोटीचा हिशेब दोन्हीकडे लागतो आणि त्याचा जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती आणि अडीचच्या आगेमागे ओहोटी. आंजर्ल्याच्या वाळूवर लांब चालायचे असेल, तर ओहोटी साधावी. सुवर्णदुर्गाला जाण्यापूर्वी मात्र हा ठोकताळा होडीवाल्यालाच विचारून पक्का करावा, कारण पाण्याच्या बाबतीत त्याचाच शब्द अखेरचा.

जून आणि जुलै महिन्यांत प्रश्नच उरत नाही. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी ओढून ठेवलेल्या असतात आणि किल्ल्यावर होड्याही जात नाहीत. अशा दिवसांत आंजर्ले गाठावे आणि समुद्रापासून लांबच राहून पाखाडी चढावी. एरवी धडधाकट मित्रमंडळी असतील तर हर्णै, आणि वडीलधारी माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील तर आंजर्ले, असे मी सुचवतो. हर्णै ठरलेच, तर सकाळी लवकर किल्ला करावा, दुपारी जेवून खुशाल झोप काढावी आणि चारच्या आत बंदरावर हजर राहावे.