जांबोटी रस्त्यावरचे पेंटबॉल मैदान : गळक्या गोळ्यांची निवड चोख, साठवण कच्ची

पेंटबॉलच्या, म्हणजे रंगाने भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडण्याच्या खेळाच्या, मैदानाची पारख तिथल्या आडोशांवरून किंवा मार्करच्या (गोळ्या झाडणाऱ्या हवेच्या बंदुकीच्या) चकचकीतपणावरून न करता, खेळ सुरू होण्याआधी फुटक्या आणि गळक्या गोळ्यांचे तिथे काय केले जाते यावरून करावी, असे माझे मत आहे. बेळगावहून पिरनवाडीमार्गे जांबोटीकडे जाताना लागणारे हे मैदान त्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते.

इथे पाचशे गोळ्यांचे पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडतात आणि कोरडे सुती फडके अंथरलेल्या रुंद परातीत गोळ्या ओततात. नेहमीची गोळी 0.68 इंचाची, म्हणजे सुमारे 17.3 मिलिमीटर व्यासाची असते. तिचे कवच जिलेटिनचे असते आणि आत पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेला, पाण्याने धुतला जाणारा रंग असतो. प्रवासात किंवा हाताळताना एखादी गोळी पिचली की तो चिकट द्रव आजूबाजूच्या गोळ्यांना लागतो आणि त्यांची कवचेही मऊ पडू लागतात. म्हणून परातीजवळचा मुलगा आधी फुटलेल्या गोळ्या बाजूला काढतो, मग ज्यांना नुसता रंग लागला आहे त्या लगेच कोरड्या फडक्याने पुसतो, आणि पुसूनही चिकट, फुगीर किंवा चेपलेल्या वाटणाऱ्या गोळ्या सरळ टाकून देतो. टाकलेल्या गोळ्यांच्या बदल्यात तेवढ्याच चांगल्या गोळ्या विनातक्रार मिळतात. गोळ्या पाण्याने धुण्याचा अघोरी उपाय, जो मी दुसरीकडे पाहिला आहे, इथे कोणी करत नाही. जिलेटिनला पाणी लागले की चांगली गोळीही वाया जाते. हॉपर, म्हणजे मार्करवरचा गोळ्यांचा डबा, भरायला पुढे झालेल्या एका गृहस्थांना त्या मुलाने, "मामा, हाताला घाम आहे, राहू दे, मीच घालतो," असे सांगितले, तेव्हा त्याला काम नीट शिकवलेले आहे याची खात्री पटली.

मात्र हीच काळजी साठवणुकीत दिसत नाही. गोळ्यांची खोकी पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीला टेकवून ठेवलेली असतात. सह्याद्रीच्या कुशीतल्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की घरातला पापडही सादळतो, आणि जिलेटिनचे कवच वेगळे वागत नाही. ते ओल शोषून फुगते, मऊ पडते, आणि मग गोळी एकतर नळीत अडकून फुटते किंवा समोरच्याच्या अंगावर न फुटता नुसता मार देऊन खाली पडते. चैत्र-वैशाखात त्याच पत्र्याखाली गोळ्या उष्णतेने नरम होतात, तर डिसेंबरातल्या पहाटेच्या गारठ्यात कवच ठिसूळ होऊन गोळी मार्करमध्येच तडकते. खोकी फळीवर, हवाबंद डब्यात, सावलीच्या पक्क्या खोलीत ठेवली आणि अधूनमधून उलटी केली, म्हणजे एकाच बाजूवर भार येऊन गोळ्या चपट्या होणार नाहीत, तर परातीवरचे निवडण्याचे काम आपोआप निम्मे होईल. हे मी तिथल्या व्यवस्थापकांना सांगितले. त्यांनी पावसाळ्यानंतर पाहू, असे उत्तर दिले. पण खोली लागते ती पावसाळ्यातच!

पाकिटाची शंका आली तर एक साधी चाचणी मागून घ्यावी, आणि इथे ती करू देतात. गोळी डोक्याइतक्या उंचीवरून फरशीवर सोडायची. एक-दोन उसळ्यांत फुटली तर माल ठीक. चेंडूसारखी उसळतच राहिली तर कवच सादळलेले आहे. सपाट टेबलावर घरंगळवताना डगमगणारी गोळीही हॉपरात घालू नये, कारण आकार बिघडलेली गोळी सरळ जात नाही.

निवड करूनही एखादी गोळी नळीत फुटतेच, आणि इथे सेवेतली दुसरी उणीव जाणवते. फुटलेल्या कवचाचे तुकडे आणि रंग नळीत राहिला की पुढची गोळी भरकटते किंवा तीही फुटते, म्हणून नळी साफ करण्याची दांडी प्रत्येक गटाकडे असायला हवी. इथे दोन्ही गटांना मिळून एकच दांडी दिली जाते आणि तिचे फडके दुपारपर्यंत रंगाने थबथबलेले असते, त्यामुळे नळी पुसण्याऐवजी रंग आणखी पसरतो. साफ करताना मास्क चढवलेला ठेवणे, आधी हॉपर उतरवून हवेचा पुरवठा बंद करणे आणि नळी माणसांपासून दूर धरणे, हे नियम मात्र पंच कडकपणे पाळायला लावतात. हॉपरात रंग सांडला तर तो रिकामा करून कोरडा पुसून देतात. जमिनीवर पडलेल्या गोळ्या परत भरू देत नाहीत, हेही योग्यच, कारण त्यांना चिकटलेली वाळू नळीला ओरखडे पाडते.

टाकाऊ गोळ्या झाकणाच्या बादलीत जातात, ही बाब मला विशेष आवडली. या गोळ्या कुत्र्यांनी खाल्ल्यास ती गंभीर आजारी पडू शकतात, आणि आसपासच्या वाड्यांवरची कुत्री मैदानात मोकळी फिरतात. आणखी एक सूचना : कवचातले जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून काढलेले असते. बेळगाव परिसरात जैन आणि इतर शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत, तेव्हा ही गोष्ट दाराशी ठळक लिहायला हवी. सध्या सूचनांची पाटी कन्नड आणि इंग्रजीतच आहे. मराठीत सगळे तोंडी सांगतात, आणि ते गोड बोलून सांगतात, पण गर्दीच्या रविवारी मागे उभ्या असलेल्यांपर्यंत ते पोहोचत नाही.

जेवणाची सोय बेताची आहे, पार्किंग ऐसपैस आहे. शक्यतो पावसाळ्याबाहेरचे दिवस आणि उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्यावी, आदल्या दिवशीच फोन करून न उघडलेले पाकीट राखून ठेवायला सांगावे, आणि नळी पुसायला घरून दोन जुनी सुती फडकी बरोबर न्यावीत.