जुना १२ इंची बिडाचा रंधा: घ्यावा का, आणि घेतल्यावर काय करावं

पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट असो की नागपूरचं लकडगंज, सुताराचा कारखाना बंद झाला की एक मशीन हमखास विकायला निघतं: बिडाच्या दोन लांब टेबलांचा १२ इंची रंधा, एका अंगाला गोल करवत जोडलेला. बहुतेकांवर राजकोट, बटाला किंवा जालंधरच्या ओतकामाचा शिक्का असतो, काहींवर काहीच नसतं. नाव नसलं म्हणून मशीन टाकाऊ ठरत नाही. टेबलं, डव्हटेल (टेबल ज्यावर तिरकं वर-खाली सरकतं ती खाच) आणि पात्यांचा ब्लॉक (पाती धरून फिरणारा लोखंडी ठोकळा) हे तीन भाग धड असतील तर असा रंधा जरूर घ्यावा. वर्षानुवर्षं चाललेल्या बिडातला ओतकामाचा ताण निघून गेलेला असतो. नव्या, पत्र्याच्या बैठकीच्या हलक्या मशीनला हे वजन आणि ही स्थिरता येत नाही. बाकी बेअरिंग, बेल्ट, मोटर, खटका, पाती हे सगळं बाजारात मिळतं.

बघायला जाताना तीन फुटी सरळ पट्टी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या), गुण्या आणि टॉर्च सोबत न्या. पट्टी टेबलावर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. ०.१ मिमीची पत्ती खालून जात नसेल तर टेबल उत्तम. ०.२ पर्यंतचा खड्डाही सुतारकामाला चालून जातो. त्यापुढे टेबल प्लेनिंगला किंवा ग्राइंडिंगला टाकावं लागेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ते काम होतं, पण नेण्या-आणण्यासकट तो खर्च आधीच भावातून वळता करून घ्या. मग ब्लॉकलगतचे टेबलाचे ओठ आणि जिबच्या (डव्हटेलमधली ढिलाई काढणाऱ्या पट्टीच्या) स्क्रूभोवतीची जागा टॉर्च मारून बघा. तडा तिथेच जातो. लहान हातोडीने हलकं ठोकलं की धड बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. ओठाचा टवका उडालेला असेल तर एक वेळ चालेल, डव्हटेलला तडा असेल तर सौदा तिथेच सोडा.

ब्लॉक चौकोनी असेल तरीही सोडा. जुन्या मशीनवर चौकोनी ब्लॉकला बोल्टने आवळलेली जाड पाती असतात. त्या ब्लॉकच्या कोपऱ्यांमधली फट इतकी मोठी असते की हात घसरला तर बोटं थेट आत खेचली जातात. कारखान्यांच्या सुरक्षा नियमांतही हाताने लाकूड सरकवायच्या रंध्याला गोल ब्लॉकच लागतो.

बेल्ट काढून ब्लॉक हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेलं आहे. ते किरकोळ काम. खरा प्रश्न बेअरिंगच्या घराचा असतो. ब्लॉकखाली लाकडी दांडी घालून वर दाबा. शाफ्टसोबत बेअरिंगची बाहेरची रिंगही हलत असेल तर घर झिजलं आहे. तिथे छिन्नीने टोचे मारून रिंग घट्ट बसवलेली अनेकदा सापडते. हा इलाज महिनाभरही टिकत नाही. घर बोअर करून आत स्लीव्ह (धातूची नळी) घालणं हाच उपाय. शाफ्टचा बेअरिंगखालचा भाग झिजला असेल तर वेल्डिंगने भरू नका, शाफ्ट वाकतो. मेटल स्प्रे (वितळलेल्या धातूचा फवारा) करून ग्राइंड करून घ्या.

आणताना मशीन टेबलांना धरून कधीच उचलू नये, त्याने डव्हटेलवर जोर येतो. बैठकीखाली पाइप घालून सरकवा.

गंज काढायला डिझेल आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला १२० चा, मग २२० चा एमरी पेपर. अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून टेबल चकाचक केलेलं दिसलं तर सावध व्हा, त्याखाली खड्डे झालेले असतात. साफ झाल्यावर मेणाचा हात द्या. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. कोकणात पावसाळ्यात टेबलावर प्लास्टिक टाकू नका, खाली पाणी सुटतं. मेण आणि सुती चादर पुरते.

यानंतर सगळ्यात नाजूक काम: दोन्ही टेबलं एका पातळीत आणणं. जिबचे स्क्रू आवळूनही इनफीड (लाकूड आत सरकवायच्या बाजूच्या) टेबलाचं बाहेरचं टोक खाली झुकत असेल तर डव्हटेलच्या खालच्या, म्हणजे ब्लॉकपासून लांबच्या टोकाला पितळी पत्री घाला. डव्हटेल २५० मिमी लांब असेल तर ०.१ मिमीची पत्री ६०० मिमीवरचं टेबलाचं टोक साधारण ०.२४ मिमी उचलते. पितळी पत्री नसेल तर थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापा, तो ०.१ च्या आसपासच असतो. घाई केली तर पुढे प्रत्येक फळीला बाक किंवा पीळ येतो आणि दोष पात्यांवर जातो.

बेअरिंगचा नंबर जुन्यावरून वाचा. ६२०५ किंवा ६२०६ निघण्याची शक्यता जास्त. ६२०६ म्हणजे ३० बाय ६२ बाय १६ मिमी. भुशात चालायचं असल्याने दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं घ्या. शाफ्टवर बसवताना मार आतल्या रिंगवरच पडला पाहिजे. बाहेरच्या रिंगवर ठोकलेलं नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं.

ब्लॉकचा वेग मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या आसपास हवा. १४४० च्या मोटरवर ८ इंची आणि ब्लॉकवर अडीच इंची पुली लावली की सुमारे ४६०० मिळतात. सागासाठी २ एचपी पुरते, बाभूळ आणि शिसवी पूर्ण रुंदीने रंधायची तर ३ एचपी. घरी सिंगल फेज असेल आणि थ्री फेज मोटर व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून थ्री फेज देणाऱ्या यंत्रावर) चालवायची असेल तर आधी मोटरच्या गुंडाळ्यांची जोडणी, स्टार की डेल्टा, तपासा. २ एचपीपर्यंतच्या मोटरी साधारणपणे ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असतात. त्यांची सहाही टोकं बाहेर काढून डेल्टा केली की त्या २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर पूर्ण ताकदीने चालतात. ३ एचपीची मोटर बहुधा मुळातच डेल्टा असते, तिथे ही युक्ती चालत नाही.

पाती एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची), जोडीने धार लावलेली आणि वजनाला सारखी असावीत. सोनाराच्या काट्यावर तोला, एका ग्रॅमहून जास्त फरक असेल तर जड पात्याची पाठ घासा. ब्लॉकबाहेर १ मिमी पातं पुरे. उंची जुळवायला सागाची सरळ पट्टी आउटफीड (लाकूड बाहेर पडतं त्या बाजूच्या) टेबलावरून पात्यावर टेकवा आणि ब्लॉक हाताने फिरवा. पातं पट्टीला ३ मिमी पुढे ओढून सोडत असेल तर १०० मिमी व्यासाच्या ब्लॉकवर ते टेबलापेक्षा सुमारे ०.०२ मिमी वर आहे. प्रत्येक पातं, दोन्ही टोकांना, तेवढंच ओढायला हवं. फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा पडत असेल तर आउटफीड टेबल खाली आहे. फळीचं टोक टेबलाच्या ओठाला अडत असेल तर ते वर आहे.

पात्यांवरचं झाकण जुन्या मशीनसोबत जवळजवळ कधीच येत नाही. ते बनवून बसवल्याशिवाय खटका दाबू नये, आणि ३०० मिमीहून आखूड तुकडा या रंध्यावर घालू नये.

जोडलेल्या करवतीबद्दल मत चांगलं नाही. ती ब्लॉकच्याच शाफ्टवर फिरते. ४५०० फेऱ्यांवर १२ इंची ब्लेडची कड सेकंदाला जवळपास ७२ मीटर धावते, १० इंचीची ६०. लावायचीच तर १० इंची, आणि ब्लेडवर तेवढ्या फेऱ्या छापलेल्या असतील तरच. शिवाय मागे चिरेत राहणारी पाचर-पट्टी नसते, त्यामुळे ओलं किंवा ताण धरलेलं लाकूड ब्लेडला चिमटून उलटं फेकलं जातं. ती करवत उतरवून ठेवा, विक्रेत्याला तिचे पैसे वेगळे देऊ नका.