चालणं, मेटफॉर्मिन की आठवड्याचं इंजेक्शन?

कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० किंवा त्याहून जास्त. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १५० च्या पुढे, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी (पुरुषांत ४०, बायकांत ५० च्या खाली), रक्तदाब १३०/८५ आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा त्याहून जास्त. या पाचांतल्या तीन गोष्टी रिपोर्टात असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारा गट. गोव्यात कानाडोळा परवडणारा नाही: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक इथंच होतं, २६.४ टक्के.

चालणं-खाणं की गोळी, हा वाद जुना. २००२ च्या अमेरिकी अभ्यासात मधुमेह होण्याचा धोका जीवनशैलीच्या बदलाने ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१. भारतातल्या २००६ च्या अभ्यासात हेच आकडे २८.५ आणि २६.४, आणि दोन्ही एकत्र केल्यावरही २८.२ च. म्हणजे आपल्याकडे जोडीचा जादा फायदा दिसलाच नाही. गोळी स्वस्त, पण सुरुवातीला पोट बिघडवते आणि वर्षानुवर्षं घेतली तर जीवनसत्त्व बी-१२ तपासत राहावं लागतं. चालणं फुकट, पण जून ते सप्टेंबर फोंड्याच्या पावसात ते कोण करणार? घरातल्या घरात जिने चढायची सोय आधीच बघून ठेवा. ताटात शीत, म्हणजे भात, निम्मं करा. उकडे तांदूळ आहेत म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेणं हा माझ्या मते सगळ्यात लाडका बहाणा. बांगडा खुशाल खा, फक्त रव्यात तळलेला रोज नको.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा जोर मात्र वेगळाच. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१. कंबर, रक्तदाब, साखरही सोबत खाली येतात. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणून खर्च धरायचा तो काही महिन्यांचा नाही, कित्येक वर्षांचा.

साखर १०० ते १२५ मध्ये आणि वजन थोडंच जास्त असेल, तर मी सहा महिने चालण्या-खाण्याला देईन. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत रक्तदाब वा साखर असेल, तर इंजेक्शनाचा विचार रास्त. सुरू करण्याआधी पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज आणि घरात कुणाला झालेला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.